कोकऱ्याच्या लग्नात आपण कोण, आणि त्या लग्नाची तारीख का शोधू नये

नमस्कार, आणि सर्वांना जय ख्रिस्त.

सप्टेंबर २०२५ मध्ये २३ आणि २४ या तारखांना प्रभू आपल्या लोकांना घेऊन जाणार, असे एक भाकीत दक्षिण आफ्रिकेतून निघाले आणि मोबाइलवरून जगभर पसरले. तेव्हापासून या चॅनेलवर एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येत राहिला आहे. शेवटच्या काळाबद्दल बोलताना बायबल पुन्हा पुन्हा लग्नाची भाषा का वापरते, आणि त्या भाषेतून तारीख काढता येते का? तारीख काढता येत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. ती का काढता येत नाही हे समजण्यासाठी मात्र त्या लग्नात आपण नेमके कोण आहोत हे पाहावे लागेल, आणि आजचा बराचसा वेळ मी त्याच प्रश्नाला देणार आहे.

पार्श्वभूमी आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ती भरभर सांगते. देव पती आणि इस्राएल त्याची पत्नी, ही प्रतिमा होशेयाच्या ग्रंथात दुखावलेल्या प्रेमाने येते, यशयाच्या ५४ व्या आणि ६२ व्या अध्यायांत सांत्वन होऊन येते, आणि यिर्मया तिच्या तरुणपणीच्या प्रीतीची आठवण काढतो. येशू स्वतःबद्दल बोलताना विचारतो की वर सोबत असताना वऱ्हाडी उपास कसा करतील. बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःला वराचा मित्र म्हणवतो. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की मी तुमचे वाग्दान एका पतीशी केले आहे. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात, प्रकटीकरणाच्या १९ व्या अध्यायात, कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लग्नाची मेजवानी आहे, आणि २१ व्या अध्यायात नवरीसारखी सजलेली नगरी स्वर्गातून उतरते. इतके लक्षात असले की पुढचे समजायला अडचण येणार नाही.

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न मत्तयाच्या २५ व्या अध्यायातील दहा कुमारींविषयी आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने लिहिले होते की तिला रात्री झोप लागत नाही, कारण त्या दहा नवऱ्यांपैकी आपण कोणत्या पाचांत आहोत हे तिला कळत नाही. तिच्या भीतीचा मी पूर्ण आदर करते, आणि म्हणूनच सांगते की त्या दहा जणी नवऱ्या नाहीत. हा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, शांतपणे वाचा. दहा कुमारी दिवे घेऊन वराला सामोऱ्या जायला निघतात. त्यांतल्या पाच जणी सोबत जादा तेल घेतात, पाच जणी घेत नाहीत. वराला उशीर होतो आणि दहाही जणी झोपी जातात, शहाण्यासुद्धा. मध्यरात्री हाक येते. तेल आणायला गेलेल्या पाच जणी परत येईपर्यंत दार बंद झालेले असते. या कथेत नवरी एकदाही बोलत नाही, आणि आपण वाचतो त्या पाठात तर तिचा उल्लेखही नाही. काही जुन्या हस्तलिखितांत पहिल्याच वचनात वराबरोबर वधूचाही उल्लेख सापडतो, पण तिथेही ती या दहांपैकी एक नाही.

दुसऱ्या बाजूने सांगते. पन्हाळा तालुक्यात कोडोलीला आमच्या नात्यातल्या एका लग्नाला मी गेले होते, आणि वराची गाडी वाटेत अडकल्यामुळे दुपारी यायचे वऱ्हाड संध्याकाळी पोहोचले. तोपर्यंत करवल्या नटूनथटून दाराशी ताटकळत उभ्या होत्या, आणि त्यांच्यातली नवरी कोणती, असे मंडपातल्या कोणीही विचारले नाही. करवलीचे काम वर येईल तेव्हा दारात हजर असणे हे असते, आणि मत्तयाच्या दाखल्यातल्या कुमारींचेही काम तेच आहे. येशूला त्या कथेतून उशीर आणि तयारी यांविषयी सांगायचे होते. लग्न कोणाचे आणि कोणाशी, हा त्या कथेचा विषयच नाही.

तिसरी बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात सात वाट्या घेतलेल्या देवदूतांपैकी एक जण हे दर्शन पाहणाऱ्या योहानाला म्हणतो की ये, मी तुला कोकऱ्याची नवरी दाखवतो. मग तो त्याला एका उंच डोंगरावर नेतो आणि दाखवतो ती एक नगरी. तिला बारा वेशी आहेत, त्यांवर इस्राएलाच्या बारा वंशांची नावे आहेत. बारा पाये आहेत, त्यांवर बारा प्रेषितांची नावे आहेत. आता चार अध्याय मागे जा. १७ व्या अध्यायात त्याच सात देवदूतांपैकी एक जण जवळजवळ त्याच शब्दांत योहानाला बोलावतो आणि त्याला मोठी वेश्या दाखवतो, आणि तीसुद्धा एक नगरी आहे, बाबेल. लेखकाने ही दोन दृश्ये मुद्दाम समोरासमोर ठेवली आहेत: एका नगरीने सत्ता आणि संपत्ती यांच्याशी सोयरीक केली, दुसरी कोकऱ्याची झाली. म्हणजे नवरी ही वस्ती आहे, समाज आहे, वंशांची आणि प्रेषितांची नावे अंगावर वागवणारी आख्खी मंडळी आहे. मी पुरुष असून नवरी कसा होईन, असे काही बंधू विचारतात, त्यांनाही माझे उत्तर हेच आहे. या प्रतिमेत एकटा माणूस नवरी होत नाही. आपण सर्व मिळून होतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने गीतरत्नाचा, म्हणजे बायबलमधील प्रेमगीतांच्या ग्रंथाचा, अर्थ लावताना मंडळीबरोबर प्रत्येक जिवालाही नवरी मानले, आणि बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्ड या मठवासीने त्याच वाटेने प्रार्थनेची फार मोठी परंपरा उभी केली. व्रतस्थ भगिनी आजही स्वतःला ख्रिस्ताची वधू म्हणवतात, आणि त्या परंपरेतील प्रेम खरे आहे. पण ती परंपरा प्रभूशी असलेल्या जवळिकीबद्दल बोलते. शेवटच्या दिवसांचा क्रम लावण्यासाठी तिचा उपयोग होत नाही, आणि मुळात ती त्यासाठी निर्माणही झाली नव्हती.

आता हे सर्व एकत्र ठेवून पाहा. मत्तय २२ मध्ये राजाच्या मुलाच्या लग्नाला आपण निमंत्रित पाहुणे आहोत. मत्तय २५ मध्ये आपण दिवे घेतलेल्या सोबतिणी आहोत. लूक १२ मध्ये धनी लग्नाहून परत येईपर्यंत कंबर बांधून जागे राहणारे नोकर आहोत, आणि तिथे तर लग्न दुसरीकडेच कुठेतरी झालेले आहे. प्रकटीकरणात आपण नवरी आहोत. आणि तिथेही १९ व्या अध्यायाच्या आठव्या वचनात नवरीचे तागाचे वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतीची कृत्ये आहेत, तर लगेच नवव्या वचनात मेजवानीला बोलावलेले ते धन्य. तेच लोक एका वचनात नवरीचे वस्त्र विणतात आणि पुढच्या वचनात पंगतीला बसतात. एकाच लग्नात एकच माणूस पाहुणा, करवली, नोकर आणि नवरी असू शकत नाही, म्हणून या चार प्रतिमा जोडून त्यांचे एक वेळापत्रक बनवताच येत नाही. प्रत्येक प्रतिमा आपल्याला वेगळी गोष्ट सांगते: बोलावणे स्वीकारा, तयार असा, जागे राहा, एकमेकांशी जोडलेले राहा.

वेळापत्रक बनवण्याचा प्रयत्न मात्र वारंवार होतो, आणि अलीकडे तो गालीलातील लग्नाची प्रथा या नावाने होतो. असे व्हिडिओ तुम्ही मला पाठवता. त्यांत सांगितले जाते की गालीलात वाग्दान झाल्यावर वर बापाच्या घरी जाऊन खोली बांधायचा, लग्नाचा दिवस फक्त वराच्या बापाला ठाऊक असायचा, बापाने परवानगी दिली की वर रात्री शिंग फुंकत यायचा. म्हणून योहान १४ मधील बापाच्या घरातील राहण्याच्या जागा आणि त्या दिवसाविषयी केवळ पित्याला ठाऊक आहे हे वचन, दोन्ही लग्नाचीच भाषा आहे. म्हणून ते लग्न शिंगांच्या सणाला, म्हणजे यहूदी नववर्षाला होणार. ऐकायला हे फार सुंदर वाटते, आणि माझ्या ओळखीच्या अनेक श्रद्धावान माणसांना ते ऐकून रडू आले आहे. परंतु इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, जिथे यहूदी विवाहाचे नियम सविस्तर आहेत, तिथे वेगळेच चित्र दिसते. वराने मागणी केल्यापासून कुमारिकेला आपली तयारी करायला बारा महिने द्यावेत, विधवेला तीस दिवस द्यावेत, आणि वरालाही तयारीसाठी तितकाच वेळ मिळावा, असे तो ग्रंथ सांगतो. म्हणजे मुदत दोन्ही घरांना ठाऊक असे. वाग्दान मात्र खरोखर कडक होते. मरीयेला गुपचूप सोडून देण्याचा विचार करणाऱ्या योसेफालाही सूटपत्राची गरज होती, हे मत्तयाच्या पहिल्या अध्यायातच दिसते.

आणि मार्क १३:३२ लग्नाबद्दल नाहीच. त्या दिवसाविषयी किंवा त्या घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, असे सांगून येशू लगेच दूरदेशी जाणाऱ्या घरधन्याचे आणि त्याच्या द्वारपाळाचे उदाहरण देतो. मत्तयात याच वचनानंतर नोहाच्या दिवसांची आठवण येते. कोणालाही ठाऊक नाही, असे प्रभू इतक्या स्पष्टपणे म्हणत असताना त्याच वाक्याला सणाचे गुप्त नाव ठरवून त्यातून तारीख काढणे, हे मला अत्यंत अयोग्य वाटते आणि मी ते स्पष्ट शब्दांत सांगते.

याची किंमत इतिहासाने मोजली आहे. अमेरिकेत विल्यम मिलरने दानीएलाच्या ग्रंथातील आकड्यांवरून हिशेब मांडून २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ या वर्षात ख्रिस्त येईल असे सांगितले. ते वर्ष सरल्यावर त्याच्या अनुयायांनी नेमका दहा कुमारींचा दाखला हाती घेतला. हा वराच्या उशिराचा काळ आहे, असे ते म्हणाले. १८४४ च्या ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधील एक्सेटर येथील मेळाव्यात सॅम्युएल स्नोने २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पुढे ठेवली आणि तिच्या प्रचाराला मध्यरात्रीची खरी हाक म्हटले गेले. कित्येकांनी शेतातले पीक काढले नाही. २३ तारीख उजाडली, आणि त्या घटनेला आजही महानिराशा म्हणतात. त्यानंतर काही जणांनी याच दाखल्यातील बंद दाराचा आधार घेऊन सांगितले की आता बाहेरच्यांसाठी तारणाचे दार बंद झाले आहे. दाखल्यातील उशीर, हाक आणि दार, या तिन्ही गोष्टी एकामागून एक दिनदर्शिकेवर चिकटवल्या गेल्या. आपल्या कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये मिशनकार्यासाठी आले तेव्हा त्यांच्या देशातील त्या निराशेला जेमतेम आठ वर्षे झाली होती; न्यू शाहूपुरीतील वाइल्डर मेमोरियल चर्चसमोरून जाताना मला कधीकधी वाटते की तारखांचा हा मोह आपल्यापासून फार दूरचा कधीच नव्हता. सप्टेंबर २०२५ च्या भाकिताच्या आठवड्यात एका घरातला मुलगा परीक्षेचा फॉर्म भरावा की नाही असे आईला विचारत होता, आणि त्या माऊलीने काळजीने मला फोन केला होता.

मग तयारी म्हणजे काय? तेल म्हणजे पवित्र आत्मा, विश्वास की सत्कर्मे, हा वाद फार जुना आहे, आणि येशूने तेलाचा अर्थ स्वतः सांगितलेला नाही. माझी विनंती आहे की हा दाखला एकटा वाचू नका. २४ व्या अध्यायाच्या ४५ व्या वचनापासून २५ वा अध्याय संपेपर्यंत सलग वाचा. पहिल्या कथेत दुष्ट दास म्हणतो की माझा धनी उशीर लावतो आहे, आणि तो सोबतच्या दासांना मारायला लागतो. दुसऱ्या कथेत वराला उशीर होतो. तिसऱ्या कथेत रुपयांचा हिशेब घ्यायला धनी पुष्कळ काळाने येतो. तिन्ही कथांत उशीर आहे, आणि तिन्ही कथांत त्या उशिरात माणूस कसा वागला हे पाहिले जाते. त्यानंतर येणाऱ्या शेवटच्या दृश्यात राजा कोणालाही तारखेबद्दल विचारत नाही. भुकेल्याला खायला दिले का, परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याला आणि तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, यावरून तो निवाडा करतो. त्या झोप न येणाऱ्या मुलीला मी हाच उतारा वाचायला सांगितला.

एक प्रश्न उरतो, आणि तो अनेकांनी विचारला आहे. मत्तय २५ मध्ये दार बंद होते, मग प्रकटीकरण २१:२५ मध्ये नगरीच्या वेशी कधीच बंद होणार नाहीत असे का म्हटले आहे? हे दोन्ही सत्य कसे, याचा विचार मत्तय २२ मधील लग्नाचे वस्त्र नसलेल्या पाहुण्याबरोबरच करावा लागतो, आणि तो पुढच्या भागाचा विषय आहे. तोपर्यंत मत्तय २२ ची पहिली चौदा वचने वाचून ठेवा आणि तुमचे प्रश्न खाली लिहा.