नवा चेहरा, जुनं पात्र

नमस्कार श्रोतेहो.

1986 च्या जानेवारीत 'डेज ऑफ अवर लाइव्ज' या अमेरिकन मालिकेत एक अनोळखी माणूस आला. स्मृती गेलेली, नाव जॉन ब्लॅक. पुढे लेखकांनी सांगितलं की हा खरं तर रोमन ब्रेडी, सगळ्यांनी मेला असं मानलेला पोलीस अधिकारी. चेहरा वेगळा दिसतो, कारण प्लास्टिक सर्जरी. पडद्यामागची गोष्ट अशी होती की मूळ रोमन करणारा वेन नॉर्थ्रप 1984 मध्ये मालिका सोडून गेला होता, आणि आता त्या जागी ड्रेक होगेस्टिन आला होता. प्रेक्षकांनी पाच वर्षं त्याला रोमन मानलं, बायको मार्लेनाबरोबरचा त्याचा संसार पाहिला. मग 1991 मध्ये नॉर्थ्रप परतला. एका गावात दोन रोमन ठेवता येईनात, तेव्हा लेखकांनी ठरवलं की नॉर्थ्रप हाच खरा रोमन. होगेस्टिनचा माणूस दुसराच कुणीतरी, 'तू रोमन आहेस' असं ज्याच्या मनावर ठसवलं गेलं होतं असा. त्याचं नाव पुन्हा जॉन ब्लॅक झालं. हा 'दुसराच कुणीतरी' 2024 मध्ये होगेस्टिनचं निधन झालं तोवर त्या मालिकेचा कणा होता.

अशा निर्णयांवर चाहते वर्षानुवर्षं वाद घालतात, आणि मला हे वाद फार महत्त्वाचे वाटतात. आठवड्याला पाच भाग, वर्षाला सुमारे अडीचशे. वीस वर्षं मालिका पाहणाऱ्या बाईंना त्या पात्रांची माहिती गेल्या वर्षी रुजू झालेल्या लेखकापेक्षा जास्त असते. पण मत नेमकं असेल तरच ते पोचतं. नेमकं म्हणजे, तक्रार कुणाच्या कामाबद्दल आहे आणि ती कधी केली, हे दोन्ही.

आपल्याकडे केबल नवी होती तेव्हा स्टार प्लसवर 'द बोल्ड अँड द ब्युटीफुल' आणि 'सांता बार्बरा' लागायच्या, त्यामुळे हा प्रकार अगदीच परका नाही. आणि चेहरा बदलण्याचा प्रश्न तर मराठी प्रेक्षकांना पुरता ठाऊक आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग पुन्हा रसिका सुनील. 'प्रेमाची गोष्ट'मध्ये 2025 च्या सुरुवातीला तेजश्री प्रधानच्या जागी स्वरदा ठिगळे मुक्ता झाली. तेव्हा घरोघरी जी चर्चा झाली, तीच अमेरिकेत गेली सत्तर वर्षं चालू आहे.

आता कारखाना कसा चालतो ते पाहू. सगळ्यात वर मुख्य लेखक. सहा महिने किंवा त्याहून पुढची कथा तो लिहून वाहिनीकडून मंजूर करून घेतो: कोण कोणाशी लग्न करणार, कोण मरणार, गुपित कधी फुटणार. त्याखाली आराखडा लिहिणारे. ते आठवड्याचे पाच भाग पाडतात आणि प्रत्येक भागात कुठला प्रसंग कुठे संपणार, जाहिरातीआधी काय येणार, हे ठरवतात. त्यानंतर संवादलेखक, बहुतेकदा दर भागाला वेगळा. शेवटी संपादक सगळ्यांची भाषा एका सुरात आणतो. आपल्याकडे श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद अशी तीन नावं दिसतात. रचना बरीचशी तशीच आहे. जाहिराती वगळल्या तर तासाच्या भागात कथेला सदतीस-अडतीस मिनिटं उरतात.

म्हणून 'लेखन वाईट आहे' असं म्हणू नका, कुठलं लेखन ते सांगा. नायिका आज एक बोलते आणि उद्या त्याच्या उलट, मधे काही घडलेलं नसताना? हा दोष आराखड्याचा किंवा संपादनाचा. संवाद गोड आहेत, प्रसंग रंगतो, पण चार महिने झाले तरी बाळाचा बाप कोण हे कळत नाही? मग मुख्य लेखकाकडे बोट दाखवा. आणि एखादी गोष्ट अचानक गुंडाळली गेली, पात्र सहलीला गेलं ते आलंच नाही, तर लेखकाला दोष देण्याआधी कलाकाराचा करार तपासा.

करार हा भाग चाहत्यांच्या नजरेतून सर्वांत जास्त सुटतो. करारातल्या कलाकाराला आठवड्याला ठरावीक भागांची हमी असते. काम दिलं नाही तरी तेवढ्या भागांचे पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे दोन-तीन भागांची हमी असलेला नट सतत दिसतो, आणि तुमचा आवडता ज्येष्ठ नट, जो हमीशिवाय 'लागेल तसा' येतो, तो महिन्यातून एकदा कॉफी ओतून जातो. पाचपेक्षा कमी-अधिक वाक्यांचाही हिशेब आहे: पाच किंवा कमी ओळींच्या भूमिकेचा दर वेगळा, म्हणून नर्सबाई बिचाऱ्या नेमक्या सहाव्या वाक्याआधी निघून जातात. करारात बहुधा 13 किंवा 26 आठवड्यांचे टप्पे असतात. टप्पा संपताना वाहिनी कलाकाराला सोडू शकते, कलाकार मात्र मुदत संपेपर्यंत सोडून जाऊ शकत नाही. एखाद्या पात्राचं लग्न तडकाफडकी मोडलं, तर त्याचं मूळ अनेकदा अशा टप्प्यात सापडतं.

दुसरी गोष्ट वेळेची. 'जनरल हॉस्पिटल'सारख्या मालिका प्रसारणाच्या काही आठवडे आधी चित्रित होतात. 'डेज ऑफ अवर लाइव्ज'कडे तयार भागांचा साठा मात्र सहा ते आठ महिन्यांचा असतो. जूनमध्ये तुम्हाला एखादी जोडी खटकली आणि तुम्ही लगेच लिहिलंत, तरी नाताळपर्यंतचे भाग तयार असू शकतात. सप्टेंबरमध्ये 'लेखक आमचं ऐकतच नाहीत' असा संताप होतो, तेव्हा लेखकांनी ऐकलेलं असतं; ते पडद्यावर यायचं असतं.

नव्या चेहऱ्याचंही तेच. जुना नट जातो तेव्हा पुढच्या काही आठवड्यांच्या संहिता त्याच्या आवाजात, त्याच्या अडखळण्याच्या, थांबण्याच्या सवयी धरून लिहिलेल्या असतात. नवा माणूस दुसऱ्याच्या मापाची वाक्यं बोलत येतो. त्यात दिवसाला कित्येक पानं, रिहर्सल जवळजवळ नाही, आणि टेक शक्यतो एकच. पहिल्या दिवशी दिलेलं मत म्हणून मी मोजतच नाही. नवा कलाकार ज्या भागांत आहे असे किमान पंधरा-वीस भाग पाहा. त्यातही तीन प्रसंग निवडा: जुन्या शत्रूसमोरचा, स्वतःच्या मुलासमोरचा आणि एकट्याचा. शत्रूसमोर पूर्वीचा इतिहास डोळ्यांत दिसतो का? मुलाला हात लावताना ते त्याचं मूल वाटतं का? आणि बोलायला कुणी नसताना पात्र उभं राहतं का? दिसणं, उंची, केस यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. कास्टिंगवाल्यांनी शेवटच्या दोघा-तिघांना मालिकेतल्या बाकीच्या कलाकारांबरोबर प्रसंग करायला लावून पारखलेलं असतं, आणि तिथे त्यांनीही जोडी जुळते का हेच पाहिलेलं असतं.

'जनरल हॉस्पिटल'मधली कार्ली हे या बाबतीतलं सर्वांत चांगलं उदाहरण. 1996 पासून सेरा ब्राउन, 2001 पासून टमारा ब्रॉन, 2005 मध्ये काही महिने जेनिफर ब्रॅन्सफर्ड, आणि त्याच वर्षापासून आजवर लॉरा राइट. सेरा ब्राउनला या भूमिकेसाठी डेटाइम एमी हा दुपारच्या कार्यक्रमांचा पुरस्कार मिळाला, लॉरा राइटलाही मिळाला. दोघींची कार्ली एकसारखी नाही. पहिली जखमी आणि धारदार, शेवटची कुटुंबासाठी आडवी उभी राहणारी. लेखकांनी राइटला ब्राउनची नक्कल करायला लावलं नाही, म्हणून ती टिकली असं माझं ठाम मत आहे. 'द यंग अँड द रेस्टलेस'मध्ये जॅक अॅबट आधी टेरी लेस्टर करायचा. 1989 मध्ये पीटर बर्गमन आला आणि आज बहुतेकांना आधीचा जॅक आठवतही नाही. उलट 'बोल्ड अँड द ब्युटीफुल'मधला रिज पंचवीस वर्षं रॉन मॉसचा होता. 2012 मध्ये तो गेला, 2013 च्या अखेरीस थॉर्स्टन के आला, आणि अजूनही 'हा रिज नाही' म्हणणारे आहेत. त्यांना मी हट्टी म्हणणार नाही. पंचवीस वर्षांत एकच चेहरा पाहिला की पात्र आणि माणूस वेगळे काढणं फार अवघड होतं, आणि कार्लीच्या बाबतीत तशी वेळच आली नव्हती.

आता जॉन ब्लॅकची युक्ती पुन्हा वापरली तेव्हा काय झालं ते. 'जनरल हॉस्पिटल'चा जेसन मॉर्गन म्हणजे स्टीव्ह बर्टन. तो 2012 मध्ये गेला, 2014 मध्ये बिली मिलर जेसन म्हणून आला, आणि 2017 मध्ये बर्टन परतला. मग उलगडा असा की मिलरचा माणूस म्हणजे जेसनचा जुळा भाऊ ड्रू, आणि जेसनच्या आठवणी त्याच्या डोक्यात भरलेल्या होत्या. चाहत्यांत उभी फूट पडली. माझ्या मते इथे लेखकांनी ड्रूच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतली. बायको सॅमबरोबरचा संसार गेला आणि ती जेसनकडे वळली. ड्रूकडे उरलं ते एका माणसाचं उसनं आयुष्य. 1991 मध्ये मार्लेना खऱ्या रोमनकडे गेली, तरी जॉन ब्लॅकचं तिच्याशी नातं संपलं नाही. तो आणि रोमन, दोघंही तिच्या आयुष्यात दावेदार राहिले, आणि त्या ओढाताणीतून कथा निघत गेल्या. दोन नट ठेवायचे असतील तर दोघांनाही गमावण्यासारखं काहीतरी द्यायला हवं. मालिकेला पाठवायच्या तुमच्या पत्रात हे लिहा: 'ड्रू नको' असं लिहिण्याऐवजी 'ड्रूला स्वतःचं काय आहे?' असं विचारा.

पात्राचा भूतकाळ बदलण्याबद्दल मात्र माझं मत फार कडक आहे. आधी न दाखवलेलं काही नंतर सांगणं चालतं. प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलेलं पुसणं चालत नाही. 1973 मध्ये 'ऑल माय चिल्ड्रन'मध्ये एरिका केननं कायदेशीर गर्भपात केला. त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर हे मोठं धाडस होतं, आणि सुझन लुचीच्या एरिकाचा स्वभाव त्या निर्णयावर उभा होता. बत्तीस-तेहतीस वर्षांनी लेखकांनी सांगितलं की डॉक्टरनं तो गर्भ दुसऱ्या स्त्रीच्या पोटात रुजवला होता, आणि जॉश नावाचा तरुण हा तिचा मुलगा. वैद्यकशास्त्राला हे मान्य नाहीच. पण त्याहून वाईट म्हणजे एका स्त्रीचा स्वतःचा निर्णय तिच्याकडून हिरावला गेला, आणि बदल्यात मिळाला एक देखणा नट. चाहते चिडले ते योग्यच होतं.

याउलट 'जनरल हॉस्पिटल'. 1979 मध्ये ल्यूकनं लॉरावर बलात्कार केल्याचं दाखवलं आणि पुढे दोघांची प्रेमकथा रंगवली. 1981 च्या नोव्हेंबरात त्यांचं लग्न सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिलं. ही जखम मालिकेनं बरीच वर्षं झाकून ठेवली. 1998 मध्ये त्यांचा मुलगा लकी याला खरं कळलं आणि आईवडिलांना उत्तर द्यावं लागलं. 1979 ची चूक मिटली नाही, मिटायलाही नको होती. पण लेखकांनी ती नाकारली नाही.

मुलांची वयं ही दुसरी खटकणारी बाब. आपल्या मालिकांत लीप आली की सगळेच एकदम वयानं पुढे जातात. अमेरिकेत दिनदर्शिका जागेवर राहते आणि एकटं मूल वसतिगृहातून मोठं होऊन येतं. बिघाड होतो तो एकाच वर्षी जन्मलेल्या चुलत भावंडांमुळे: एक वकील झालेला, दुसरा शाळेत. शंका आली तर मुलाचं नवं वय आणि आईचं वय यांची वजाबाकी करा. उत्तर चौदा-पंधरा आलं, तर तेवढाच आकडा पत्रात लिहा.

पत्र कसं लिहायचं? एका पत्रात एकच गोष्ट. भागाची तारीख, पात्राचं नाव, प्रसंग दोन ओळींत, आणि काय हवं ते. कलाकाराच्या खाजगी आयुष्याबद्दल, रूपाबद्दल अक्षरही नको. तसं पत्र पहिल्या ओळीतच बाजूला पडतं आणि कलाकाराला विनाकारण दुखवतं. नुसतं मालिकेला नाही, वाहिनीलाही लिहा, आणि जाहिरातदारालाही. 2011 मध्ये एबीसी या अमेरिकन वाहिनीनं 'ऑल माय चिल्ड्रन' आणि 'वन लाइफ टू लिव्ह' बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या हूवर कंपनीनं एबीसीवरच्या जाहिराती मागे घेतल्या. मालिका वाचल्या नाहीत, पण एका मोठ्या कंपनीनं चाहत्यांच्या बाजूनं उभं राहणं तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. आवडलेल्या प्रसंगाचंही पत्र पाठवत जा. लेखकांच्या खोलीत तक्रारींचा ढीग नेहमीच असतो. नेमकं काय जमलं हे सांगणारं पत्र दुर्मीळ असतं, आणि पुढच्या सहा महिन्यांची कथा ठरताना त्याचाच उपयोग जास्त होतो.

सवय करायची असेल तर एक चांगली संधी सध्या आहे. 24 फेब्रुवारी 2025 ला सीबीएसवर 'बियाँड द गेट्स' सुरू झाली. 1999 च्या 'पॅशन्स'नंतर अमेरिकन वाहिनीवर आलेली ही पहिलीच नवी दुपारची मालिका. मुख्य लेखिका मिशेल व्हॅल जीन, केंद्रस्थानी मेरीलँडमधलं श्रीमंत कृष्णवर्णीय ड्युप्री कुटुंब. कार्ला मोझली, डाफ्ने डुप्ले असे जुन्या मालिकांतून ओळखीचे चेहरे त्यात मुद्दाम घेतले आहेत. तिला पन्नास वर्षांचा इतिहास नाही, त्यामुळे भूतकाळाचा गुंता अजून बसलेला नाही. पहिल्या भागापासून वही घेऊन बसा: पानाच्या एका बाजूला जन्म, लग्न, गुपितं यांच्या तारखा, दुसऱ्या बाजूला ते गुपित कुणाकुणाला ठाऊक आहे त्यांची नावं. पहिली गल्लत कुठल्या भागात झाली हे तुम्हाला त्या वहीतच सापडेल.

नमस्कार.