पन्नास वर्षांपूर्वीची गाणी, आजची बोटं

(जळगावच्या एका व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, वाचनासाठी संपादित करून)

मंडळी, आज सभागृहात तीन पिढ्या बसल्या आहेत याचा मला फार आनंद आहे. पुढे निवृत्त मंडळी, मध्ये नोकरी-धंद्यातले लोक, आणि मागे दाराशी कॉलेजची मुलं उभी आहेत. त्यातल्या दोघांच्या टी-शर्टवर काचेचा त्रिकोण आहे आणि त्यातून सप्तरंगी पट्टा बाहेर पडतोय. हे पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या रेकॉर्डचं मुखपृष्ठ. रेकॉर्ड आली मार्च १९७३ मध्ये. ज्यांनी हे टी-शर्ट घातलेत त्यांच्या आई-वडिलांचाही तेव्हा जन्म झाला नसेल. मग हे इथवर आलं कसं, जळगावपर्यंत आणि विशीतल्या मुलांपर्यंत?

यावर पहिलं उत्तर मिळतं ते जुन्या आठवणींचं. ज्यांचं तारुण्य या गाण्यांत गेलं त्यांच्यापुरतं ते ठीक आहे. पण या मुलांना १९७३ ची आठवण कुठून असणार? दुसरं उत्तर बाजाराचं, आणि ते मी हलकं मानत नाही. ही रेकॉर्ड १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या रेकॉर्डच्या यादीत ७४१ आठवडे होती. २०२४ मध्ये सोनी कंपनीने पिंक फ्लॉइडच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क विकत घेतले, आणि वृत्तपत्रांनी किंमत सांगितली ती सुमारे ४० कोटी डॉलर. एवढा पैसा गुंतवणारा माणूस माल लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवणारच. पण कंपन्यांनी त्याच काळातले इतर शेकडो कलाकारही पुन्हा पुन्हा बाजारात आणले आणि ते कुणी उचलले नाहीत. जाहिरातीमुळे टी-शर्ट खपतो. पण मुलगा रात्री दार लावून बोटं दुखेपर्यंत गिटारवर एकच तुकडा घोटत बसतो, ते काही जाहिरातीमुळे नाही.

मी भुसावळात गिटार शिकवतो. त्यामुळे माझं उत्तर शिकवणाऱ्याचं आहे, आणि आज तेवढंच मांडायला आलोय. ही गाणी कानाने आवडतात, पण पुढच्या पिढीकडे जातात ती हाताने. ज्या संगीतात नवशिक्याला धरण्याजोगा एक तुकडा सापडतो, ते संगीत टिकतं.

हे गिटारवरच दाखवतो. डीप पर्पल या बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात ऐका. गिटारवर वारंवार येणाऱ्या अशा छोट्या तुकड्याला रिफ म्हणतात. तुमच्यापैकी जे गाणं शिकलेत त्यांच्यासाठी सरगम सांगतो: सा, कोमल ग, म. पुन्हा सा, कोमल ग, आता तीव्र म, आणि लगेच शुद्ध म. मग सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. झालं. चार स्वर. त्यांचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर प्रत्येक स्वर दोन तारांवर एकदम, बोटांनी छेडून काढतो, म्हणून तो असा जाड आणि भरीव ऐकू येतो. कोरं पोर आठवड्याभरात हे वाजवू लागतं. आणि हे वाजवताना ते सरावाचे अलंकार घोटत नसतं, खऱ्या रेकॉर्डवरची खरी वस्तू त्याच्या हातात आलेली असते. चौदा वर्षांच्या मुलाच्या अंगात त्याने काय संचारतं ते शिकवणाऱ्यांनाच माहीत.

या गाण्याचा विषयही बघा किती साधा. डिसेंबर १९७१ मध्ये ही मंडळी स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो गावी रेकॉर्डिंगला गेली होती. जिथे रेकॉर्डिंग करायचं त्याच कसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर, म्हणजे इशाऱ्यासाठी आकाशात सोडायचा पेटता गोळा, उडवली, छत पेटलं, इमारत जळून गेली आणि जिनिव्हा सरोवरावर धूर पसरला. मग त्यांनी बंद पडलेल्या एका हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून, बाहेर रेकॉर्डिंगचा ट्रक लावून काम पुरं केलं. गाण्यात तेवढंच आहे, जे घडलं ते.

माझ्याकडे अमळनेरकडचा एक मुलगा रविवारी पॅसेंजरने यायचा. घरी हीच रिफ घोटत बसायचा. त्याचे आजोबा भजनात मृदंग वाजवणारे. त्यांनी दोन-तीन दिवस ऐकून घेतलं आणि विचारलं, "हाई काय वाजाडी राह्यना रे भाऊ?" नातवाने सांगितलं. आजोबा खाटेवर बसले, हाताने ठेका धरला आणि म्हणाले, "यानी सम कोठे शे?" मंडळी, प्रश्न अगदी नेमका होता. या रिफचा पहिला तुकडा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होतो, दुसरा मात्र समेच्या अर्धी मात्रा आधीच उचलावा लागतो. बहुतेक मुलं तिथेच घसरतात. हा मुलगाही तिथेच घसरत होता. आजोबांनी खाटेवर चार मात्रा धरून दिल्या आणि नातवाचा हात सरळ झाला. आजोबांना डीप पर्पल हे नावही ठाऊक नव्हतं.

खानदेशात ही शिकण्याची रीत नवी नाही. गावोगावच्या भजनी मंडळांत कुणी नोटेशन लिहून ठेवत नाही. पोरगं आधी टाळ धरतं, मग मृदंगाशेजारी बसतं, आणि एक दिवस मृदंगवाला आजारी पडला की मृदंग त्याच्या पुढ्यात येतो. बँडचंही असंच आहे. गिटार, बास, ड्रम्स आणि गाणारा अशा चार जागा. ऐकणारा मुलगा मनात त्यातली एक जागा धरतो आणि मग उरलेल्या तिघांच्या शोधात निघतो. आजची गाणी वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. त्यातली कित्येक मला आवडतात. पण संगणकावर थरावर थर चढवून बांधलेल्या गाण्यात पोराला बसायला जागा सापडत नाही, ही माझी खरी काळजी आहे. लेड झेपलिन या बँडचं ध्वनिमुद्रण ऐकताना त्यांचा ड्रमवाला जॉन बोनमचा पाय पेडलवर कधी पडला ते कळतं. पलीकडे माणूस आहे हे कळतं, आणि माणसाची नक्कल करता येते.

सोपेपणा म्हणजे उथळपणा नव्हे. 'डार्क साइड'मधलं 'मनी' हे गाणं घ्या. त्याची सुरुवात नाण्यांचा खळखळाट, कागद फाटल्याचा आवाज आणि दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र यांनी होते. रॉजर वॉटर्सने हे आवाज टेपवर घेतले, टेपचे तुकडे मोजून कापले, चिकटवले आणि त्यांचा गोल फिरणारा फास केला. तुकडे सात, म्हणून गाणंही सात मात्रांचं. पाश्चात्त्य श्रोता चारच्या ठेक्याला सरावलेला, त्याला तिथे अडखळायला होतं. माझ्या वर्गात तबला शिकलेली एक मुलगी आहे. तिने दुसऱ्याच आवर्तनाला मांडीवर तिं तिं ना, धी ना, धी ना सुरू केलं. रूपक ताल! मूळ गाण्यातले ठोके रूपकासारखे तीन-दोन-दोन पडत नाहीत, तरी सात मात्रांचं घर तिच्या ओळखीचं होतं. पुढे गिटारचा एकल भाग आला आणि तिचा हात थांबला, कारण तिथे गाणं चार मात्रांवर जातं. तो बदल त्या मुलीने न सांगता पकडला. हे पाहिल्यापासून, पाश्चात्त्य संगीत आपल्या मुलांना परकं आहे असं कुणी म्हटलं की मला ते ऐकवत नाही.

भुसावळात राहतो म्हणून असेल, पण या सगळ्यात ब्लॅक सॅबथ हा बँड मला सर्वांत जवळचा. ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे, म्हणजे कारखान्यांच्या गावचे. त्यांचा गिटारवादक टोनी आयॉमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, सतराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडं चिकटवलं. तारा दाबायला जड जात होत्या म्हणून पातळ लावल्या, पुढे त्या उतरवून ढिल्याही केल्या. जगात ज्याला हेवी मेटल म्हणतात त्याचा खर्जातला, जडशीळ आवाज असा घडला. रेल्वेच्या शेडमध्ये किंवा आयुध निर्माणीत ज्यांच्या घरचे हात राबले आहेत, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. जुलै २०२५ मध्ये याच बँडने बर्मिंगहॅमलाच, व्हिला पार्कच्या मैदानावर, आपला शेवटचा कार्यक्रम केला. गायक ऑझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गायला आणि अडीच आठवड्यांत गेला.

क्वीन या बँडचा ब्रायन मे जी गिटार आजही वाजवतो, तीही घरीच झालेली. १९६३ मध्ये त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती करायला घेतली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये पारशी घरात जन्मलेला फारुख बलसारा, शिकला आपल्या पाचगणीला आणि त्याचा पहिला बँडही तिथल्या शाळेतलाच. हे सांगितलं की मुलांचे डोळे चमकतात.

आपल्याकडे हे आलं कोणत्या वाटेने? माझ्या माहितीत मुख्य वाट रेल्वेची. भुसावळ जंक्शन, मुंबईची गाडी इथून नागपूरकडे आणि इटारसीकडे फुटते. रनिंग स्टाफमधली, म्हणजे गाडीबरोबर जाणारी, माणसं मुंबईहून कॅसेट आणायची, कुणी फोर्टातल्या फुटपाथवरून, कुणी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून. गावातल्या अँग्लो-इंडियन घरांत गिटार असायची. एक कॅसेट दहा घरं फिरायची, तिच्यावरून दुसरी भरली जायची आणि प्रत्येक भरणीत आवाज थोडा मळायचा. नव्वदीत केबल आली, तिच्यावर एमटीव्ही आलं. मग एका सीडीवर दीडशे गाणी आली. आता फोन. फोनने एक मोठी गोष्ट केली. मुलाच्या यादीत १९७३ चं गाणं आणि कालचं गाणं शेजारी-शेजारी असतात. अमुक गाणं बापाच्या जमान्यातलं म्हणून ऐकायचं नाही, ही आमच्या वयातली अढी त्याच्यात नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण म्हणतो ही गाणी पिढ्यांपासून चालत आली, आणि सुरुवात धरतो त्या इंग्लंडच्या पोरांपासून. पण ती पोरं स्वतःच नातवंडं होती. १९२७ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीला महापूर आला, बांध फुटले आणि लाखो लोक बेघर झाले. त्यांत काळे शेतमजूर फार मोठ्या संख्येने होते. मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅककॉय या जोडप्याने १९२९ मध्ये त्यावर एक गाणं ध्वनिमुद्रित केलं, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', म्हणजे 'बांध फुटतो तेव्हा'. दोन गिटार आणि एक आवाज. लेड झेपलिनच्या पोरांनी असल्या जुन्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या आणि १९७१ मध्ये तेच गाणं आपल्या पद्धतीने केलं. श्रेयात मेम्फिस मिनीचं नाव दिलं. प्रत्येक वेळी मात्र त्यांनी इतका सरळपणा दाखवला नाही. 'होल लॉटा लव्ह'बद्दल विली डिक्सन या ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या गाण्यांच्या, गीतकाराने दावा लावला तेव्हा कुठे १९८७ मध्ये तडजोड झाली. मुलांना ही गाणी शिकवताना ही नावं शिकवलीच पाहिजेत. ज्यांनी सुरुवात केली त्यांना पैसा मिळाला नाही आणि मानही उशिरा मिळाला, हे लपवून हा इतिहास सांगता येत नाही.

आता ते १९७१ चं ध्वनिमुद्रण लावतो. त्यातले ड्रम्स एका जुन्या हवेलीवजा घराच्या जिन्याखाली मांडले होते आणि माइक वरच्या मजल्यावर टांगले होते, म्हणून आवाज उंच भिंतींवर आपटून, पसरून येतो. सातपुड्यात काठी गावच्या होळीला ज्यांनी ते भले मोठे ढोल ऐकलेत त्यांना हा आवाज छातीत ओळखू येईल. आणि गिरणेचं, तापीचं पाणी वाढताना ज्यांनी काठावर रात्र काढली आहे त्यांना गाण्याचा अर्थ सांगायला नको. मागच्या मुलांनो, पुढे या, इथे जमिनीवर बसा. गाणं सात मिनिटांचं आहे. पहिल्यांदा फक्त ड्रम्सकडे लक्ष द्या, सम कुठे आहे ते शोधा. मग प्रश्न घेऊ.