ओट्यावरची सावली

नमस्कार मंडळी. दिव्यांच्या शब्दांबद्दल बोलायचंय, पण सुरुवात आमच्या स्वयंपाकघरातून करतो. छताच्या मधोमध होल्डर, त्यात ६० वॅटचा बल्ब. आई ओट्याशी उभी राहिली की दिवा तिच्या पाठीमागे जायचा आणि तिचीच सावली समोरच्या ताटात पडायची. तांदूळ निवडताना खडा दिसायचा नाही. तिने कुरकुर केली की आम्ही जास्त वॅटचा बल्ब आणायचो. ६० चा काढून १०० चा लावला. सावली होती तिथेच राहिली, बिल तेवढं वाढलं.

आम्ही वॅट मोजत होतो. दिवा वीज किती खातो, ते वॅट सांगतो. उजेड किती देतो, ते सांगत नाही. तारेचा जुना बल्ब नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवायचा. पण कित्येक वर्षं घरोघरी तोच एक प्रकार होता, म्हणून ‘साठचा उजेड’, ‘शंभरचा उजेड’ असं बोलायची सवय लागली. देवघरातला ‘झिरोचा बल्ब’ आठवा. तो सहसा १५ वॅटचा असायचा. रात्रभर दहा तास ठेवला तर महिन्याला साडेचार युनिट. त्याला शून्य म्हणत म्हणत आपण तो वर्षानुवर्षं जळत ठेवला.

दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून जो उजेड बाहेर पडतो, त्याचं माप लुमेन. हे माप माणसाच्या डोळ्याला धरून केलेलं आहे. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश सगळ्यात तेज वाटतो, लाल आणि जांभळ्या टोकाचा कमी, म्हणून लुमेन मोजताना प्रत्येक रंगाला त्याच प्रमाणात कमी-जास्त वजन मिळतं. साठचा तारेचा बल्ब साधारण ७०० लुमेन द्यायचा, म्हणजे वॅटमागे बारा. आजचा ९ वॅटचा एलईडी ८०० ते ९०० देतो, वॅटमागे शंभराच्या आसपास. खोक्यावर लुमेन छापलेले असतात. दुकानात खोकं फिरवून तो आकडा वाचा, माझी कळकळीची विनंती आहे.

पण आईचा प्रश्न लुमेननेही सुटत नाही, कारण तिला दिव्यातून निघालेला उजेड नको होता, ताटात पडलेला हवा होता. त्याचं माप वेगळं आहे, लक्स. एका चौरस मीटरवर एक लुमेन पसरला की एक लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम पाव लक्स मिळतो, भर दुपारच्या उन्हात लाखभर. वाचायला ३०० च्या आसपास असला की डोळ्यांना ताण पडत नाही. अंतराचा हिशेब तर लक्षात ठेवण्यासारखा आहे. छोटा दिवा दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला, म्हणजे अंतर चौथाई केलं, तर उजेड सोळापट होतो. शेवटी आम्ही ओट्यावरच्या फळीखाली ५ वॅटचा एक दिवा बसवला, आईच्या समोर. सावली मागे गेली. आईने ताट पुढे ओढलं आणि एक एक खडा वेचून बाजूला ठेवला. हे आम्हाला इतक्या उशिरा सुचलं याचं मला अजून वाईट वाटतं.

आता रंग. दुकानदार विचारतो, ‘व्हाइट देऊ की यलो?’ खोक्यावर त्याचं उत्तर केल्विनमध्ये, म्हणजे तापमानाच्या मापात असतं. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं, आणखी तापलं की पांढरं. त्याच क्रमाने २७०० केल्विन म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. म्हणजे ज्याला आपण ‘वॉर्म’ म्हणतो त्याचा आकडा लहान. बल्बमधली टंगस्टनची तार खरोखरच तेवढी तापायची. एलईडी तसा तापत नाही, त्याचा आकडा फक्त रंगछटा सांगतो. झोपायच्या खोलीत ६५०० चा दिवा लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टिकण्याबद्दल थोडक्यात. ट्यूबला चोक लागायचा, तसा एलईडीला ड्रायव्हर लागतो. तो विजेचा प्रवाह आवरून धरतो. बहुतेक वेळा दिवा ‘गेला’ म्हणजे ड्रायव्हर गेलेला असतो, आणि त्याला मारते उष्णता. म्हणून काचेच्या बंद हंडीत बल्ब लवकर जातो.

राहिला माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा शब्द, सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचे शंभरपैकी गुण. तारेच्या बल्बला जवळजवळ पुरे शंभर. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याला वीस-पंचवीस, म्हणून त्याच्याखाली उभी असलेली लाल गाडी ओळखू येत नाही. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. निळ्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळसर देणाऱ्या पदार्थाचा लेप दिला की दोन्ही मिळून पांढरा दिसतो. पण या मिश्रणात गडद लाल कमी पडतो. आणि सीआरआयचे गुण ज्या आठ रंगांवरून काढतात ते सगळे फिकट आहेत, गडद लाल त्यांत नाहीच. त्याची नोंद ‘आर९’ म्हणून वेगळी ठेवतात. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या दिव्याखालीही कुंकवाचा लाल मळकट दिसू शकतो. दुकानात घेतलेली साडी घरी वेगळी दिसते, त्यात पुष्कळदा डोळ्यांचा काही दोष नसतो.

आता सभागृहातले दिवे बंद करायला सांगतो. टेबलावर एकच डाळिंबी काठाची साडी दोन दिव्यांखाली पसरली आहे, डावीकडे तारेचा बल्ब आणि उजवीकडे स्वस्तातला एलईडी. पुढच्या रांगेतल्या ताई, या जरा जवळ, आणि काठ कुठे तपकिरी दिसतोय ते मोठ्याने सांगा.