पत्र्यावरचा कार्डिनल

[दृश्य: ओहायोतला गावाबाहेरचा रस्ता. कडेला खांबावर पत्र्याचा डबा.]

अमेरिकेत गावाबाहेरच्या रस्त्यांवर पोस्टमन दारापर्यंत येत नाही. टपाल पडतं ते रस्त्याच्या कडेच्या अशा डब्यात. खाली सपाट, वर बोगद्यासारखी कमान. हा आकार टपाल खात्यातले इंजिनिअर रॉय जोरोलेमन यांनी १९१५ साली तयार केला. त्याआधी, १८९६पासून खेड्यांत टपाल पोचू लागलं तेव्हा, लोक पाकाचे रिकामे डबेसुद्धा खांबाला अडकवायचे.

हा डबा माझ्या घरचा. यावर मी कार्डिनल रंगवणार आहे. हा लाल, तुरेवाला पक्षी ओहायोचा राज्यपक्षी आहे. थंडीत बाकीचे कितीतरी पक्षी दक्षिणेला निघून जातात, हा मात्र बर्फातही इथंच असतो. म्हणून मला तो आवडतो.

[दृश्य: सुटा केलेला डबा. पेन्सिलनं ओढलेली कमानदार रेघ.]

चित्राआधी ही रेघ. डब्याच्या बाजूला लाल निशाण असतं. पाठवायचं पत्र आत ठेवलं की आपण ते उभं करतो, पोस्टमन पत्र घेतो आणि आडवं करतो. रस्त्यानं येणाऱ्या पोस्टमनला हीच बाजू आधी दिसते. निशाण जिथून फिरतं तेवढी जागा रिकामी हवी, ती या रेघेनं आखली; घराचा नंबर स्वच्छ वाचता यायला हवा. डब्याला रंग कुठलाही चालतो, पण निशाण त्यावर उठून दिसलं पाहिजे असा टपाल खात्याचा नियम आहे. म्हणून माझी पार्श्वभूमी राखाडी, बर्फाळ सकाळची. लाल रंग दोनच ठिकाणी: पक्षी आणि निशाण.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. पत्र्यावर जस्ताचा मुलामा आहे. मागच्या वेळी मी त्यावर थेट ऑइल पेंट लावला होता. पहिल्याच हिवाळ्यात त्याचे पापुद्रे निघाले. तेली रंग आणि जस्त एकत्र आले की मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाची पकडच सुटते. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. या वेळी आधी साबणाच्या पाण्यानं धुतलं, चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं ओलं घासलं, हाताचं तेल लागू नये म्हणून हातमोजे घातले. मग जस्ताच्या पत्र्यावर चालणाऱ्या प्रायमरचे दोन पातळ हात. निशाण, कडी आणि दाराच्या बिजागरीवर टेप. तिथं रंग साचला तर दार अडकतं.

[दृश्य: एअरब्रश, अगदी जवळून. कॉम्प्रेसरचा आवाज.]

हा एअरब्रश, म्हणजे हवेच्या जोरानं रंग फवारणारं पेन. वरच्या वाटीत रंग, दुधाइतका पातळ. कळ खाली दाबली की नुसती हवा येते. तीच मागे ओढली की आतली सुई सरकते आणि रंग सुटतो. हवा आधी, रंग नंतर. थांबताना रंग आधी बंद. हे बोटात बसायला मला कित्येक जुने पत्रे खराब करावे लागले. ब्रश पत्र्याजवळ नेला की केसासारखी रेघ, लांब नेला की धुकं. जवळ राहून जास्त रंग सोडला तर थेंब कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पसरतो.

[दृश्य: राखाडी धुक्यातून फांदी उमटते.]

धुकं मला साध्या ब्रशनं कधीच जमलं नाही. एक छटा कुठं संपली आणि दुसरी कुठं लागली, हे इथं दिसतच नाही. पक्ष्याचा बाह्याकार मात्र कापलेल्या स्टेन्सिलनं, कारण चोचीची कड धारदार हवी. छातीवर लाल एकदम भरायचा नाही. पातळ थर, वाळू द्यायचा, पुन्हा थर. पोटाखाली किंचित जांभळा. डोळ्यातला पांढरा ठिपका शेवटी, काडीच्या टोकानं.

वरून ऊन-पावसाला तोंड देणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. लाल रंग उन्हात लवकर विटतो, म्हणून क्लिअर कोटचे तीन हात. हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, घातलेला क्लिअर कोट फवारताना साधा कापडी मास्क पुरत नाही. योग्य फिल्टरचा रेस्पिरेटर आणि उघडी हवा, याशिवाय मी तो हातात घेत नाही.

[दृश्य: सकाळ. डबा पुन्हा खांबावर, निशाण उभं.]

डब्याचा तळ रस्त्यापासून बेचाळीस इंचांवर. एक्केचाळीस ते पंचेचाळीस चालतं. आत आईला लिहिलेलं पत्र आहे, नाशिकला जाणारं.

पोस्टाची पांढरी गाडी आली. तिचं स्टिअरिंग आपल्याकडच्यासारखं उजवीकडे, म्हणजे खाली न उतरता हात डब्यापर्यंत पोचतो. दार उघडलं. पत्र गेलं. निशाण आडवं झालं आणि फांदीच्या वर, दोन बोटं अंतर राखून थांबलं.