पहिल्या पगारातला हप्ता

पालकांनो, आणि पुढच्या रांगेत वह्या उघडून बसलेल्या मुलींनो,

गेल्या महिन्यात एक बाई मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. वजन किंवा शुगर दाखवायला नव्हे. पिशवीतून बँकेचं मंजुरीपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, एवढं कर्ज काढलं तर ही तुमच्यासारखी डाएटिशियन होईल ना?" मुलगी ओढणीचं टोक पिळत बसली होती. एम.एस्सी.च्या दोन वर्षांसाठी 4 लाख रुपये. शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या योजनेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, बाहेरचा जामीनदारही लागत नाही, म्हणून घरच्यांना आकडा हलका वाटला होता. त्याच पत्राच्या कोऱ्या बाजूवर मी जे गणित मांडलं, ते आज तुमच्यापुढे मांडते.

व्याज 10 टक्के धरू. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला 2 लाख उचलले, दुसऱ्याच्या सुरुवातीला 2 लाख. शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढतच असतं. तीन वर्षं पुरी होतात तेव्हा सरळव्याजानेच 1 लाख चढलेले असतात. म्हणजे मुलगी पहिला हप्ता भरायला उभी राहते तेव्हा कर्ज 5 लाखांचं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण 6,600 रुपये, एकूण सुमारे 7 लाख 93 हजार. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता 5,373 वर येतो, पण एकूण भरणा साडेनऊ लाखांच्या पुढे जातो.

आता पगार. मध्यम आकाराच्या रुग्णालयात पहिल्या नोकरीत हातात 18,000 पडतात असं समजू. कॉट बेसिसची खोली 5,000, मेस 3,500, हप्ता 6,600. उरले 2,900. त्यातच बस, मोबाईल, दिवाळीला घरी जाणं आणि आजारपण. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते, त्यामुळे दोन हप्ते चुकले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, वडिलांचीही बिघडते. पुढे धाकट्या भावासाठी कर्ज मागायला गेलात की तेच समोर येतं.

बँकेत सांगतात, व्याजावर करसवलत आहे. सवलत आहे, खरं आहे, आठ वर्षांपर्यंत मिळते, तीही जुन्या करपद्धतीत. पण वर्षाला 2 लाख 16 हजार कमावणाऱ्या मुलीला मुळात करच लागत नाही, तर सवलत कशातून घेणार?

अभ्यासक्रमाच्या जाहिरातीत पगाराचे आकडे मोठे असतात. ते खोटेच असतात असं मी म्हणत नाही. स्वतःची प्रॅक्टिस बसली, नाव झालं, की आमच्या क्षेत्रात चांगलं कमावता येतं. त्याला वर्षं लागतात, आणि हप्ता पहिल्या पगारापासून जातो. म्हणून कर्ज तोलायचं ते सुरुवातीच्या तीन वर्षांच्या पगाराशी. दहा वर्षांनंतरच्या कमाईशी आज तोलू नका.

हे मी पोटतिडकीने सांगते त्यामागे माझा अनुभव आहे. माझ्या पहिल्या नोकरीत, एका रुग्णालयात, प्रोटीन पावडरच्या डब्यांचं टार्गेट असायचं. ज्या म्हाताऱ्याला घरच्या डाळीत आणि ताकात भागलं असतं, त्याच्याही कागदावर डबा लिहायचा. सहा महिन्यांत मी ती नोकरी सोडली. सोडू शकले, कारण माझ्यावर कर्ज नव्हतं. माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हप्त्यासाठी तिथेच राहिली. रोज डबे लिहायची आणि जेवणाच्या सुट्टीत गप्प बसायची. ती माझ्यापेक्षा हुशार होती.

मग शिकायचं नाही का? जरूर शिकायचं, पण स्वस्तात शिकायचं. रजिस्टर्ड डाएटिशियन व्हायला इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा असते. त्याआधी पदव्युत्तर पदवी किंवा पदविका आणि रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. या इंटर्नशिपमध्ये बहुतेक ठिकाणी मानधन नसतं किंवा नावापुरतं असतं, तेही हिशेबात धरा. मुलीने दीड लाखात शिकलं की सहा लाखांत, परीक्षा दोघींना एकच. आमच्या रुग्णालयात मुलाखती घेतो तेव्हा उमेदवारासमोर कागद सरकवतो: किडनीचा रुग्ण, पोटॅशियम वाढून 6.1, डायलिसिस सुरू नाही, नाकातून नळी. दिवसभराचा फीड लिहा. प्रथिनं किती, पाणी किती, नारळपाणी का चालणार नाही? हे वॉर्डात उभं राहून येतं. म्हणून महाविद्यालय बघायला जाल तेव्हा एसी वर्गांपेक्षा हे विचारा: प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात, किती महिने, आणि गेल्या वर्षीच्या मुली आज कुठे काम करतात? जमलं तर त्यातल्या दोघींशी फोनवर बोला.

अनुदानित महाविद्यालयं, कृषी विद्यापीठांतलं गृहविज्ञान, एसएनडीटी महिला विद्यापीठ यांची फी आधी बघा. 1916 मध्ये कर्व्यांनी उभं केलेलं ते विद्यापीठ आजही आहे. 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होण्याआधीच्या काळात, व्याजात 3 टक्के सूट आहे, पण ती ठरावीक संस्थांपुरती. तुमची संस्था यादीत आहे का, हे प्रवेशाआधी तपासा. कर्ज घेतलंच तर शिकतानाच व्याज भरत चला. मघाच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला 1,667 आणि नंतर 3,333 भरले की हप्ता 4 लाखांवरच बसतो, 5,286 चा. पुढे दहा वर्षं दर महिन्याला 1,300 हून जास्त वाचतात.

त्या मुलीने अनुदानित महाविद्यालयात एक वर्षाची पदविका घ्यायचं ठरवलंय. वसतिगृहासकट दीड लाखाचं कर्ज. व्याज आई दर महिन्याला शिवणकामातून भरणार आहे. पाच वर्षांत फेडलं तर हप्ता 3,187 येतो. तो आकडा तिने स्वतः काढला, माझ्याच पेनाने, आणि तेव्हा पहिल्यांदा मान वर करून तिने विचारलं, "मॅडम, इंटर्नशिप तुमच्या रुग्णालयात मिळेल का?"

मी खाली अर्धा तास बसणार आहे. फीचं पत्रक आणलं असेल तर घेऊन या, एकत्र बसून मांडू.