एकोणचाळीस मिनिटांचं भांडण

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘विज्ञानातील अवकाश, काळ आणि ऊर्जा’. आयोजकांना म्हटलं, तिघांपैकी एक कोणतंही द्या. ते म्हणाले, गेल्या वर्षीच्या वक्त्यांनी तासाभरात दहा उपनिषदं उरकली होती. त्यापुढे मी काय बोलणार?

काळापासून सुरुवात करतो, कारण काळावरून आमच्या मुंबईने सरकारशी मनसोक्त भांडण केलंय. भांडण म्हटल्याबरोबर पहिल्या दोन रांगा सावरून बसल्या, ते इथून दिसलं मला. पुण्यात आल्याची खात्री पटली.

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे अंशाला चार मिनिटं. मुंबईची स्थानिक वेळ त्या हिशेबाने ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. पुणे साधारण एक अंश पूर्वेला, म्हणून सूर्य तुमच्या डोक्यावर आमच्या चार मिनिटं आधी येतो. पुणेकर हे पहिल्यापासून सांगत आलेत, आम्हीच ऐकत नव्हतो. ज्या त्या गावाचा माध्यान्ह ज्याचा त्याचा, आणि त्यात कोणाचं काही अडत नव्हतं. अडायला लागलं ते आगगाडी आल्यावर. रेल्वेने मद्रासची वेळ धरली, ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं पुढे. झालं! स्टेशनात एक वाजलेला आणि बाहेर टांगेवाल्याचे साडेबारा.

१८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी (हो, तेच, तुमच्या कॉलेजवाले) ठरवलं की मुंबईतल्या सरकारी कचेऱ्याही मद्रासच्या वेळेने चालतील. मुंबईकर बिथरले. आमच्या सूर्याचा निकाल मद्रासच्या वेधशाळेने का लावावा? राजाबाई टॉवरचं घड्याळ विद्यापीठाचं, ते मुंबईच्याच वेळेवर राहिलं. त्यावर सरकारने काय करावं? रात्री त्या तबकडीवर उजेड पाडायचा खर्च द्यायला नकार दिला. साम्राज्याचा सूर्य मावळत नव्हता म्हणतात, पण एका घड्याळापुरता तो सरकारने स्वहस्ते मावळवला. शेवटी हुकूमच गुंडाळावा लागला.

सरकार गप्प बसलं नाही. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एक वेळ, साडेब्याऐंशी रेखांशाची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईच्या घड्याळाला एकदम ३९ मिनिटांचा धक्का! तेही वंगभंगाच्या पाठोपाठ, म्हणजे लोक आधीच तापलेले. महापालिकेने मुंबई टाइम सोडला नाही, थेट स्वातंत्र्यानंतर काही वर्षांपर्यंत. जुन्या लग्नपत्रिका घरात असतील तर बघा, मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’, म्हणजे स्टँडर्ड टाइम, छापलेलं सापडेल. नाहीतर अर्धं वऱ्हाड अक्षतांना आणि अर्धं थेट पंगतीला. दुसरा गट शहाणा, पण ते असो.

चिठ्ठी आलीय. ‘पंधरा मिनिटं.’ कोणत्या टाइमने, ते लिहिलेलं नाही.

बरं, मग ऊर्जा. इथे माझी जुनी तक्रार आहे. ‘ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही’ हे वाक्य आपण शाळेत स्तोत्रासारखं घोकलं. का करता येत नाही, हे कोणी सांगितलं? पुढे हीच ऊर्जा घराच्या ईशान्य कोपऱ्यातून वाहायला लागते, कोणाच्या हस्तस्पर्शातून येते आणि सकारात्मक वगैरे होते. माझ्या घरी ती येते तेव्हा बिल येतं. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, आणि मीटर सकारात्मक विचारांना सवलत देत नाही.

तर, का? उत्तर त्या ३९ मिनिटांच्या अगदी शेजारी आहे. घड्याळाचे काटे ढकलले म्हणून निसर्गात काही बदलत नाही, त्यात नवल नाही, तो कागदोपत्री कारभार. पण एखादा प्रयोगच ३९ मिनिटं उशिरा केला, किंवा ३९ वर्षं, बाकी सगळी परिस्थिती तीच ठेवून, तरी निसर्गाचे नियम तेच निघतात. हे मात्र नवल आहे, आणि ऊर्जेची अक्षय्यता यातूनच निघते.

भंडारदऱ्याजवळचं घाटघर घ्या. २५० मेगावॅटचं केंद्र. मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवायचं, जास्त असते तेव्हा खाली सोडून वीज करायची. चढवायला जेवढी वीज लागते त्यापेक्षा कमीच परत मिळते. आता समजा, गुरुत्वाकर्षण रोज रात्री थोडं ढिलं पडलं असतं. हलकं पाणी वर चढवा, दिवसा जड झालं की सोडा. फुकटची वीज, रोज, कायमची! हे होत नाही, कारण रात्री वीज स्वस्त असते, गुरुत्वाकर्षण नाही.

हे सर्वसाधारण रूपात सिद्ध केलं एमी न्योदर या जर्मन गणितज्ञ बाईंनी, १९१८ मध्ये, जर्मनीतल्या गॉटिंगेनला. हिल्बर्ट आणि क्लाइन या तिथल्या बड्या गणितज्ञांनी त्यांना बोलावून घेतलं होतं, आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतात ऊर्जेचा हिशेब जुळेना म्हणून. विद्यापीठाला स्त्री अध्यापक चालत नव्हती, तेव्हा बाईंची व्याख्यानं हिल्बर्टच्या नावाने जाहीर व्हायची. यावर मी तासभर बोलू शकतो, पण अध्यक्षांनी आत्ता घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय.

म्हणून भरभर. नियम वेळेनुसार बदलत नाहीत, म्हणून ऊर्जा अक्षय्य. जागेनुसार बदलत नाहीत, पुण्यात जे तेच मंगळावर, म्हणून संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, अक्षय्य. दिशेनुसार बदलत नाहीत, म्हणून कोनीय संवेग, म्हणजे गरगर फिरण्यातला संवेग, अक्षय्य. पत्रिकेवरचे तीन शब्द असे एका सूत्रात येतात, आणि अवकाशाला माझ्याकडून दोन वाक्यंच मिळाली, त्याबद्दल क्षमस्व.

आता गंमत. विश्व प्रसरण पावतंय, म्हणजे विश्वाच्या पातळीवर कालचं अवकाश आणि आजचं अवकाश सारखं नाही. मग न्योदरबाईंची अटच तिथे पुरी होत नाही! विश्वाच्या बाल्यातला प्रकाश आज आपल्यापर्यंत सूक्ष्मलहरींच्या रूपात पोचतो. वाटेत त्याची तरंगलांबी सुमारे अकराशे पट ताणली गेली, म्हणजे प्रत्येक प्रकाशकणाची ऊर्जा अकराशे पटींनी घटली. ती कुठे गेली, असं विद्यार्थी हटकून विचारतात. पुष्कळ भौतिकशास्त्रज्ञ सांगतात, कुठेही जायला हवी असं मुळात बंधनच नाही. काहीजण ती गुरुत्वाकर्षणाच्या खात्यावर मांडतात, पण ते खातं सर्वांना मान्य होईल असं अजून कोणाला उघडता आलेलं नाही. माझं मत पहिल्या बाजूला, आणि का ते…

बरं, बरं. थांबतो. चहाला भेटा.