घरचा मीडिया सर्व्हर: गैरसोय कोणी सोसायची?

मित्रहो, घरच्या मीडिया सर्व्हरची सुरक्षितता आणि सोय यांचा मेळ कसा घालावा, हा आजचा विषय आहे. आपल्यापैकी बहुतेकांकडे जेलिफिन किंवा प्लेक्स, म्हणजे घरच्या संगणकावरील चित्रपट-गाणी टीव्ही-फोनवर दाखवणारे सॉफ्टवेअर, चालू आहे, हे गृहीत धरून मी बोलणार आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सुरक्षिततेसाठी जी गैरसोय अटळ आहे, ती सर्व्हर चालवणाऱ्याने आणि शक्यतो मांडणी करतानाच सोसावी. टीव्हीसमोर बसणाऱ्यांच्या वाट्याला ती रोज येऊ लागली, तर ती व्यवस्था कितीही भक्कम असली तरी टिकत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमच्या सर्व्हरवर चित्रपट आणि गाण्यांखेरीज आहे तरी काय, तो फोडून कोणाला काय मिळणार? याचे उत्तर २०२२ साली लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीवर झालेल्या हल्ल्यात आहे, आणि ते तपशिलाने सांगण्याजोगे आहे. ग्राहकांच्या साठवलेल्या माहितीच्या बॅकअपपर्यंत नेणाऱ्या किल्ल्या कंपनीतील फक्त चार अभियंत्यांकडे होत्या. हल्लेखोरांनी त्यांच्यापैकी एकाच्या घरच्या संगणकाकडे मोर्चा वळवला. त्या संगणकावरील मीडिया सॉफ्टवेअरमधील त्रुटीचा फायदा घेऊन त्यांनी तेथे कळफलकाची प्रत्येक नोंद टिपणारा प्रोग्राम बसवला. अभियंत्याने दुसऱ्या टप्प्याची पडताळणी रीतसर पार पाडली, तरी त्याने टाईप केलेला मुख्य पासवर्ड त्यांच्या हाती लागला आणि पुढे ग्राहकांचे बॅकअपही गेले. हे सॉफ्टवेअर प्लेक्स होते, हे २०२३ मध्ये उघड झाले. त्या त्रुटीवरची दुरुस्ती मे २०२० मध्येच, १.१९.३ या आवृत्तीत, प्रसिद्ध झाली होती. म्हणजे औषध दोन वर्षांहून अधिक काळ उपलब्ध होते आणि त्या संगणकाला ते कधी दिलेच गेले नाही.

येथे एक बारकावा आहे. त्या त्रुटीचा उपयोग करायला सर्व्हरच्या प्रशासकाच्या खात्यात शिरकाव असावा लागत होता. त्यामुळे जुनी आवृत्ती हा प्रश्नाचा एक भाग झाला आणि प्रशासकाच्या खात्याची राखण हा दुसरा. चित्रपटांना हात न लावताही हल्लेखोराचे काम झाले, कारण त्याला हवे होते ते त्याच यंत्रावर, त्याच जाळ्यात होते.

आता माझी जुनी तक्रार. घरी सर्व्हर उभारण्याच्या कितीतरी मार्गदर्शिका 'राउटरवर पोर्ट उघडा', म्हणजे बाहेरच्यांसाठी एक क्रमांकित दार उघडा, या एका ओळीत बाहेरून येण्याचा सगळा प्रश्न निकालात काढतात. जेलिफिनचा ८०९६ किंवा प्लेक्सचा ३२४०० हा पोर्ट उघडला की सिनेमा बाहेरूनही दिसतो, हे खरेच. पण आपला पत्ता कोणाला माहीत असणार, हा दिलासा मात्र खोटा आहे. २०१३ मध्ये आलेल्या झेडमॅप या साधनाने एक गिगाबिटच्या जोडणीवरून आयपीव्ही४ चा, म्हणजे इंटरनेटवरील जुन्या धर्तीच्या पत्त्यांचा, संपूर्ण संच पाऊण तासाच्या आत चाळून दाखवला. शिवाय आपण स्वतःचे डोमेन घेऊन त्यातील सर्व्हरच्या नावासाठी सुरक्षित जोडणीचे स्वतंत्र प्रमाणपत्र मिळवतो, तेव्हा ते नाव प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवहीत जाते आणि ती कोणालाही वाचता येते.

याच्या उलट टोकालाही मला तितकीच चीड येते. सर्व्हरच्या पुढे आणखी एक लॉगिन पान उभे केले, की ब्राउझरमध्ये सारे सुरळीत दिसते, पण टीव्हीवरील ॲपला ते पान ओलांडता येत नाही. मग रिमोटच्या बाणांनी वीस अक्षरी पासवर्ड एकेक अक्षर शोधत भरणारा माणूस चौथ्या चुकीनंतर रिमोट खाली ठेवतो, आणि शेवटी घरच्यांच्या आग्रहाखातर सगळीच कुलुपे निघतात. जेलिफिनमधील 'क्विक कनेक्ट' हा याच्यावरचा चांगला उतारा आहे: टीव्ही सहा आकडी संकेतांक दाखवतो आणि आधीच लॉगिन केलेल्या फोनवरून त्याला मान्यता देता येते. पासवर्ड लांबलचकच ठेवता येतो, रिमोटला त्रास नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा प्रत्यक्ष मांडणी भराभर सांगतो. घरात कोणताही अडसर नको. स्वतःच्या फोन-लॅपटॉपसाठी वायरगार्ड, म्हणजे बाहेरून घरच्या जाळ्यात सुरक्षित बोगद्याने नेणारे व्हीपीएन, वापरा. मार्च २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून ते लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यातच आहे आणि अनोळखी किल्लीला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे चाळणाऱ्याला तो पोर्ट बंदच भासतो. घराबाहेर पडताच ते आपोआप सुरू होईल अशी सोय फोनवर एकदा करून ठेवा. सेवादात्याने स्वतंत्र सार्वजनिक पत्ता दिलेला नसेल, तर वायरगार्डवरच उभारलेल्या टेलस्केल या सेवेने काम भागते.

खरी अडचण नातेवाइकांच्या टीव्हीची आहे, कारण तेथे व्हीपीएन बसेलच असे नाही. तेवढ्यासाठी रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या विनंत्या आधी स्वतः घेऊन सर्व्हरकडे पोचवणारा मध्यस्थ, लावून फक्त ४४३ हा सुरक्षित वेबचा पोर्ट उघडा, त्यांना साधी खाती द्या आणि प्रशासकाच्या खात्याला दूरस्थ प्रवेश बंद ठेवा. मात्र जेलिफिनला प्रॉक्सीचा पत्ता 'ज्ञात प्रॉक्सी' म्हणून सांगायला विसरू नका. नाहीतर बाहेरचा प्रत्येक जण त्याला घरातलाच वाटतो आणि ही बंदी निरर्थक ठरते. राउटरवरील यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय, बंद करा. डॉकरने (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनाने) प्रसिद्ध केलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सवरील फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातात, म्हणून ते १२७.०.०.१ या यंत्राच्या स्वतःच्याच अंतर्गत पत्त्याला बांधा. चित्रपटांचा फोल्डर कंटेनरला केवळ वाचण्यापुरता द्या, कंटेनर रूट, म्हणजे सर्वाधिकारी खाते, म्हणून चालवू नका, आणि घरचे फोटो व कागदपत्रे त्याच्या आवाक्यातच ठेवू नका.

राहिली अद्ययावत आवृत्ती. ती आल्यावर लगेच घ्या, पण त्याआधी कॉन्फिगरेशनच्या फोल्डरची प्रत काढा. मोठ्या बदलात डेटाबेसची रचना पालटली, की जुन्या आवृत्तीकडे परतायला तेवढीच वाट उरते.